ब्रेकवरचा थेंब

परतवाड्यातला माझा मेकॅनिक नट आवळताना चर्चमधलं गीत गुणगुणतो. काम झालं की प्रार्थनासभेतून आणलेल्या बाटलीतल्या तेलाचा एक थेंब ब्रेकच्या दांडीला लावतो. "जा सर, आता कायची चिंता नाई." सेमाडोहच्या शाळेत जाताना घाटात मला त्या थेंबाचाच आधार असायचा.

परवा गाडी नेली, तर ब्रेकची वायर बाहेर काढून तो नुसता बघत बसला. ती एका तारेवर तगली होती. तिच्याच भरवशावर मी महिनाभर घाट उतरलो होतो.

"मागच्या खेपेले थेंब लावला, अन् वायर पाह्यलीच नाई मी," तो म्हणाला. "आपण मूर्ती मानत नाई म्हणतो, अन् मी देवाच्या जागी बाटली बसवली." त्यानं ती बाटली जळक्या ऑइलच्या डब्यात उपडी केली.

मग नवी वायर टाकली. ब्रेक तीनतीनदा दाबून पाहिला. गाडी इतकी चोख कधीच नव्हती, तरी माझा पाय किकवर जाईना.

"बाटलीच्या तळाशी," मी हळूच विचारलं, "एखादा थेंब उरला असेल का हो?"