मामांच्या कंपायलरमधला सात

जगात सगळ्यात कमी शब्दांत भागवणारी, कॉम्प्युटरची सी भाषा कडेगावात आहे आणि ती माझ्या मामांनी केलेली आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. फक्त पुढचा प्रश्न कोणी विचारू नये. मामा फौजेत सिग्नलला होते. त्यांच्याबरोबर रिटायर झालेल्यांनी ट्रॅक्टर घेतले, मामांनी कंपायलर लिहिला. आपण सीमध्ये लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर, एवढं मला विश्रामबागच्या कॉलेजात शिकवलं होतं. पण कॉलेजातल्या सीमधलं निम्मंअधिक मामांकडे नव्हतंच. टेबलासमोर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी दोन रकाने आखले होते, 'हाय' आणि 'न्हाई'. 'हाय'खाली पूर्णांक, अक्षरं, इफ, व्हाइल, फंक्शन, अ‍ॅरे. 'न्हाई'खाली उरलेली सगळी सी.

"मामा, एकच काम पुन्हापुन्हा करायला फॉर असतं, ते का नाही?" मी एकदा धीर करून विचारलं.

"व्हाइल हाय की. एका खुरप्यात भांगलण हुती, मग दुसरं कशाला गं?"

"आणि अपूर्णांक?"

"अर्धा ऊस लावतीस व्हय?"

मी मान हलवली. एखादी गोष्ट कळली नाही, की मी 'हो' म्हणून मान हलवते; इंग्लिश मीडियमपासूनची सवय आहे.

घरालाही हाच नियम. पाहुण्यांसाठी कप दोनच. तिसरा पाहुणा आला की पहिल्याचा चहा संपेपर्यंत तो ओट्यावर ताटकळतो. मामी एकदा त्या कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या, "आवं, लगीन झालं तवा मी 'हाय'मधी हुते. आता कुठल्या खान्यात हाय, तेवढं बगून सांगा." मामांनी खरंच चष्मा लावून बघितलं. कंपायलरचा स्वभावही मालकाचाच. चुकलं की पडद्यावर येतं, 'ओळ बारा: न्हाई.' बरोबर असलं की तो गप्प. "शाबासकी कशाला? ड्युटी हाय ती," मामा म्हणत.

'न्हाई'मध्ये सगळ्यात वर होते शेरे. कोडशेजारी आपण माणसांसाठी टीप लिहितो आणि कंपायलर ती न वाचता पुढे जातो, तो शेरा. मामांना ते पटत नसे. "माणसाला सांगायचं तर तोंडानं सांगावं." म्हणून दर रविवारी मी एसटीने गेले की ते मला एकेक ओळ तोंडी सांगत. इथे हे का, तिथे ते का. मी मान हलवत असे.

या उन्हाळ्यात एका रविवारी मामा पडद्याकडे बघत बसले होते. चहा गार झाला होता. "पोरी," ते म्हणाले, "हितं सात का घातला गं म्या?"

मला तो सात आठवत होता. दिवाळीत त्यांनी त्या साताबद्दल मला अर्धा तास सांगितलं होतं. हातवारे केले होते, कागदावर चौकोन काढले होते. माझी मान हललेली आठवत होती. बाकी काही नाही.

"सकाळी मोटर चालू केली का, त्ये बी इसरतो आताशा," मामा हसत म्हणाले. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी गेले तर कॅलेंडरवर 'शेरे' खोडून 'हाय'खाली लिहिलेले. एवढ्या वर्षांत रकाना बदललेली ती एकच गोष्ट. मामांनी आठवडाभर खपून कंपायलरला शेरे वगळायला शिकवलं होतं. आणि पहिला शेरा त्या साताशेजारीच लिहिला होता: 'हितं सात का, त्ये भाचीला म्हाईत हाय.'

मामांनी बटण दाबलं. कंपायलर गप्प राहिला. "बगितलंस? पास," ते म्हणाले आणि एकदम निवांत झाले.

शेरा खरा की खोटा, हे कोणताच कंपायलर तपासत नाही. माझी मान हलायला लागली होती, ती मी धरून ठेवली. मग वही उघडली आणि म्हटलं, "मामा, पहिल्या ओळीपासून सांगा. या वेळी मला कळेपर्यंत."