शुक्रवारचं द्राक्षमंडळ

द्राक्षवेलीची छाटणी झाली की काड्यांचा ढीग पडतो. खरं तर तो बंबात जायला हवा. आमच्या घरी मात्र 'राहू द्या, एखादी रुजेल' म्हणत सगळे तो कोपऱ्यात उभा करून ठेवतात, आणि रोज केर काढताना त्या काड्या माझ्या झाडूत अडकतात. आमच्या द्राक्षमंडळाचे किस्सेही असेच साठलेत. कुणी जपून ठेवले नाहीत, कुणी टाकूनही दिले नाहीत. घरात सगळ्यांत कमी बोलणारी मी, म्हणून ते माझ्याकडे जमा झाले.

लग्न होऊन मी सोलापूरहून हैदराबादेत आले, त्याला आता अडीच वर्षं होतील. सासूबाई अजूनही शेजारणींना 'ही आमची नवी' असंच सांगतात. नवी असण्यात एक सोय असते. माणसं आपल्यासमोर बिनधास्त बोलतात. खांबासमोर बोलावं तशी!

तर मंडळ असं. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेतकी खात्यात. त्यांनी शहरातलं भाड्याचं घर सोडून तारनाक्याला जागा घेतली, तेव्हा नातेवाइकांनी 'पाथरीकर जंगलात गेले' अशी बातमी उठवली होती. जागा म्हणजे नुसता खडक आणि मुरूम. विहीर एप्रिलातच तळ दाखवते. मामंजींनी ती नेमकी त्याचसाठी घेतली. लातूरच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथला आमचा माळ अगदी असाच. तो माळ मामंजींचे धाकटे भाऊ, आप्पाकाका, कसतात. तीन वर्षांत एकदा ज्वारी हाताला लागते. कंटाळून त्यांनी माळ विकायचं ठरवलं, तेव्हा मामंजींनी त्यांना लिहिलं, "दोन उन्हाळे थांब. आपल्या कोरड्या मुलखाला पुढं द्राक्षच तारील. इथल्या खडकावर माझी वेल दोन उन्हाळे जगली, तर काड्या घेऊन मी स्वतः येतो. नाही जगली, तर खुशाल विकून टाक."

आप्पाकाका थांबले. मामंजींनी बारा काड्या लावल्या.

काड्या दिल्या मीरसाहेबांनी. ते सरकारी बागांवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. अफझलगंजच्या मागं त्यांचं घर, आणि अंगण झाकून टाकणारी त्यांची जुनी वेल. तिसरे वकीलसाहेब. त्यांना द्राक्षातलं काही कळत नसे, पण हरकत कशालाही घेता येई. चौथा यादगिरी, आमचा माळी. मूळचा तेलुगू, पन्नाशीचा, सगळ्यांशी दखनीत बोलणारा. वेलींना हात लावायची परवानगी खरी त्याची.

* * *

निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. सोलापूरच्या मुलीला हे नवीनच होतं. शुक्रवार म्हणजे माझ्या लेखी चणे-गूळ आणि आरती.

सासरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी मी बाहेर डोकावले, तर ओसरीवर चौघंजण मधोमध काहीतरी ठेवून, माना खाली घालून, गप्प बसलेले. वर पांढरं फडकं. मला वाटलं, या घरातला काही कुळाचार असेल. मी डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्यातूनच लवून नमस्कार केला.

चौघांनी वर पाहिलं. मीरसाहेबांनी तेवढं गंभीरपणे मान लववून उत्तर दिलं.

फडक्याखाली हाडांच्या चुऱ्याचं पोतं होतं.

सोवळ्यातल्या घरात ते ठेवायचं कुठं, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. शेवटी 'विलायती चुना' असं सांगून ते विहिरीमागं गेलं. वर्षभर सगळे त्याला चुनाच म्हणत. पुढं एकदा वेली दाखवत असताना मामंजींच्या तोंडून खरं निघून गेलं आणि ते एकदम थबकले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वासावरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. वेली तरारल्या तर विचारायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

* * *

द्राक्षं लावायची, पण पुढं करायचं काय, यावर मंडळात फार वाद होत. लातूरच्या पलीकडून द्राक्षं बैलगाडीनं निघाली, तर स्टेशनापर्यंत त्यांचा लगदा होणार! मीरसाहेबांकडे फ्रान्समधल्या बागांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. ते म्हणाले, यावर वाइन हाच इलाज. ती नासत नाही, उलट दिवसागणिक सुधारते. वकीलसाहेबांनी आधी परवान्याची हरकत घेतली, मग उत्सुकता अनावर होऊन स्वतःच मागं घेतली.

अडचण एकच होती. मीरसाहेबांनी उभ्या आयुष्यात थेंब चाखलेला नाही. मामंजी कटाक्षानं चहासुद्धा एकच कप घेणारे. वकीलसाहेबांना डॉक्टरची बंदी. अशा तिघांनी वाइन करायला घेतली!

मीरसाहेबांच्या वेलीचे घड आले. पुस्तकात पायानं तुडवा असं लिहिलं होतं. कुणाच्या पायानं, यावर एक शुक्रवार गेला. अखेर सासूबाईंचं पुरणयंत्र मागवलं. रस लोणच्याच्या बरणीत भरला, दादरा बांधला. घरात त्याचं नाव 'काढा'.

दोन महिन्यांनी बरणी उघडली. चव बघणार कोण? मंडळात सेंधी, म्हणजे शिंदीची ताडी, पिणारा एकटा यादगिरी. तिघं त्याच्यासमोर परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलांसारखे बसले. यादगिरीनं घोट घेतला, तोंडात घोळवला, आकाशाकडं बघितलं, पुन्हा एक घोट घेतला.

"साब," तो म्हणाला, "सिरका अच्छा हुआ."

वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. वाइन आंबून गेली होती, आणि सिरक्याला परवाना लागत नव्हता. त्या उन्हाळ्यात आम्ही रोज सिरक्यातला कांदा खाल्ला.

* * *

पहिल्या उन्हाळ्यात आमच्या बारा वेलींतल्या सात गेल्या. मामंजी पोहरा सोडून विहिरीतला चिखल काढायचे आणि प्रत्येक वेलीला लोटी-लोटी वाटायचे. मीरसाहेबांची अंगणातली वेल मात्र हिरवीगार. त्यांच्या नळालाही पाणी बेताचंच येई, मग हे कसं?

मामंजींनी रहस्य विचारलं. मीरसाहेबांनी हौदाच्या काठाकडं बोट दाखवलं. नमाजापूर्वी वजू करायचे, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, ते नेमके वेलीच्या बुंध्याशी बसून. वेगळं पाणी कधी दिलंच नव्हतं.

मामंजींनी त्याच दिवसापासून आपल्या दोन वेळच्या संध्येचं पाणी वेलीला द्यायला सुरुवात केली. तरी त्यांच्या वेली मीरसाहेबांच्या वेलीची बरोबरी करीनात. मीरसाहेब समजूत घालत म्हणाले, "पाथरीकर साब, आपकी बेलाँ दो वक़्त पीते, मेरी पाँच वक़्त. इत्ताच फ़रक है."

पुढं दर शुक्रवारी तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली की मीरसाहेब आमच्याकडेही विहिरीजवळच्या वेलीशी बसत. एका लोट्यात सगळं. आधी हात, मग चूळ, नाक, तोंड, मग कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. एक थेंब आळ्याबाहेर जात नसे. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आणि मला हळूच म्हणत, "बघ, पाणी असं वापरावं. तुम्ही नुसत्या बादल्या ओतता."

त्या वेलीला आम्ही मीरसाहेबांची वेल म्हणू लागलो.

* * *

मग ते दिवस आले, जेव्हा शहरात कुणी कुणाकडं सरळ बघत नव्हतं. रझाकारांच्या लॉऱ्या रस्त्यानं फिरत. मामंजी तरीही महिन्यातून एखाद्या शुक्रवारी अफझलगंजला जात, आणि परतताना मीरसाहेब त्यांना बसपर्यंत पोचवायला येत. गल्लीतून चालताना मीरसाहेब एक पाऊल पुढं, मामंजी मागं. दोघं बोलत असत ते कीड आणि खताविषयीच.

पोलीस ॲक्शन झाली. पाच दिवसांत राज्य बदललं. पुढच्या शुक्रवारी मामंजी घरात कुणाला न सांगता अफझलगंजला गेले आणि मीरसाहेबांना तारनाक्याला घेऊन आले. आता गल्लीतून मामंजी एक पाऊल पुढं, मीरसाहेब मागं.

यादगिरी दोन्ही वेळा पाटी घेऊन सोबत होता. त्याला मी विचारलं, रस्त्यात काही झालं का?

"कुछ नै अम्मा," तो म्हणाला. "आगे-पीछे बदल गया. चलते तो दोनों आहिस्ताच हैं."

* * *

नव्या राजवटीत सुट्टी शुक्रवारची रविवारी गेली. कचेरी, शाळा, बाजार सगळं निमूट बदललं. मंडळ बदलेना! मीरसाहेबांना शुक्रवारशिवाय छाटणीचा हात बसत नव्हता.

मामंजींनी अर्ध्या रजेचे अर्ज द्यायला सुरुवात केली. मसुदा वकीलसाहेबांचा: 'घरी प्रकृती नाजूक असून शुक्रवारी दुपारी उपचार करावे लागतात.' कुणाची प्रकृती, ते लिहिलं नव्हतं. नवे साहेब मद्रासकडून आलेले, भला माणूस. चार-पाच अर्ज वाचून त्यांना काळजी वाटली. एका शुक्रवारी मोसंब्यांची पिशवी घेऊन ते थेट घरीच आले.

दार मी उघडलं. पेशंट कुठे आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. माझं मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी त्या क्षणी साफ आटलं, आणि खोटं काय बोलायचं ते मला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. मी त्यांना सरळ मागच्या अंगणात नेलं.

मामंजी गुडघ्यांवर बसून वेलीच्या खोडाला शेणकाला लावत होते. मीरसाहेबांनी फांदी धरली होती, यादगिरीच्या हातात चिंधी. साहेबांना बघून सगळे होते तसेच राहिले. वकीलसाहेब तेवढे सदऱ्याची बटणं लावायला लागले.

साहेब वेलीपाशी गेले. मग खाली वाकले, अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"पेशंट जगेल," ते म्हणाले. मोसंबी त्यांनी मीरसाहेबांच्या हातात दिली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा बघायला आले.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत मीरसाहेबांचा मुलगा त्यांना कराचीला घेऊन गेला. म्हातारपणी एकटं कुठं ठेवायचं, हे त्याचंही बरोबर होतं. अफझलगंजच्या घरात दुसरे लोक आले. त्यांना अंगणात उजेड हवा होता. आठवड्याभरात जुनी वेल बुंध्यापासून तोडली गेली. म्हणजे तिच्या वाणाचं आता जे काही उरलं होतं, ते आमच्याकडच्या पाच वेलींत.

निघायच्या आदल्या दिवशी मीरसाहेब आले होते. सासूबाईंनी वाटेत खायला म्हणून दशम्या आणि त्या सिरक्यातला कांदा बांधून दिला. मीरसाहेबांनी विहिरीजवळच्या वेलीशी बसून शेवटचा लोटा संपवला, धोतराचं टोक धरून शेजारी उभ्या असलेल्या मामंजींकडे वर बघितलं आणि म्हणाले, "इसकू पानी मत डालिये. बस, हाथ-मुँह यहींच धोया कीजिये."

* * *

यंदाचा, म्हणजे दुसरा उन्हाळा पहिल्याहून वाईट होता. विहीर मार्चमध्येच आटली. प्यायचं पाणी अर्ध्या मैलावरून येई. एकेक करत चार वेली वाळल्या, उरली ती विहिरीजवळची मीरसाहेबांची वेल. गावाहून आप्पाकाकांचं पत्र आलं: माळाला गिऱ्हाईक आलंय, काय सांगू? मामंजींनी उत्तर लिहिलं नाही. मंडळही बसेना. वकीलसाहेबांनी एकदा येऊन पाचव्या वेलीकडं पाहिलं आणि, आश्चर्य म्हणजे, कशालाच हरकत घेतली नाही.

मे महिन्यातली एक दुपार. ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते, सासूबाई मागच्या दारात वाती वळत बसल्या होत्या. मामंजी प्यायच्या माठातला एक लोटा भरून घेऊन बाहेर आले. तो त्यांच्याच वाटणीचा होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

ते विहिरीजवळच्या वेलीशी गेले. इकडंतिकडं बघितलं. मी खिडकीत होते, पण मी म्हणजे खांबच. बुंध्याशी उकिडवे बसले. बाह्या वर सारल्या. सावकाश, एक थेंब आळ्याबाहेर जाऊ न देता, मनगटापर्यंत हात धुतले. चूळ भरली. नाकाला पाणी लावलं. मग कोपरापर्यंत उजवा हात, कोपरापर्यंत डावा. ओला तळवा डोक्यावरून फिरवला. लोट्यात बोटभर पाणी उरलं असेल. ते पायावर घ्यायला त्यांनी लोटा कलता केला.

सासूबाईंनी वात वळायची थांबवली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तोंड राहिलं."