वीतभर पाणी

रेवदंड्याच्या खाडीचं पाणी किती चढलं, किती उतरलं, हे गेली सव्वीस वर्षं रोज वहीत लिहिणाऱ्या दत्तारामचं नाव जगात कोणाला ठाऊक होतं? कोणालाच नाही. खाडीत रोवलेल्या खांबावर आकडे रंगवलेले. भरतीला बघायचं, ओहोटीला बघायचं, लिहायचं. ना सणाला सुट्टी, ना तापाला.

आणि नाव झालं कुणाचं? तर जयमालाचं! खाडीच्या अभ्यास केंद्रात नवी लागली तेव्हा तिला चिखलात धड उभं राहता येत नव्हतं. दत्तारामनंच हात धरून होडीत बसवली होती. आता हॉलंडचे शास्त्रज्ञ तिच्याबरोबर काम करणार, दिल्लीत तिचा सत्कार, पेपरात फोटो. आणि फोटोत मागे काय? दत्तारामचा खांब! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मरमर मरायचं आमी नि हार तिच्या गळ्यात," तो घरी येऊन कडाडला.

"मग तुमी व्हा की शास्त्रज्ञ," बायको चंदाबाई म्हणाली. "आधी जेवा." तो जेवला नाही.

दुसऱ्याच दिवशी जयमालानं त्याच्या जुन्या वह्या पुढ्यात घेऊन विचारलं, "काका, वीस सालच्या वादळानंतर आकडे एकदम वाढलेत. खांबाला काही झालं होतं का?"

झालं होतं ना! वादळात खांब मोडला होता. बुधाजी खलाशाला हाताशी धरून दत्तारामनं नवा रोवला, पण गाळात तो वीतभर जास्तच खाली बसला; पाणी तेवढंच, आकडा मात्र वीतभर जास्त दिसायला लागला. साहेब ओरडतील म्हणून तेव्हा लिहिलं नाही, मग राहूनच गेलं. बुधाजी तर आता हयातही नव्हता.

"न्हाय बा," दत्ताराम म्हणाला. "खांब व्हता तिथंच हाय." आणि मनात म्हणाला, आपटू दे तोंडावर. गोऱ्या पाहुण्यांसमोर कळू दे हिची अक्कल. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

महिन्याभरानं जयमाला कागद घेऊन धावतच आली. "काका, वादळानंतर खाडीचं पाणी वीतभर वर आलंय, हाच आमचा मोठा शोध! तिकडचे लोक थक्क झालेत. आज संध्याकाळी लेख छापायला पाठवतोय. आणि हे बघा."

तिच्या बोटाखाली नावं होती. पहिलं तिचं, दुसरं दत्तारामचं, मग हॉलंडवाल्यांची.

"ते म्हणत होते, नोंदी ठेवणाऱ्याचे शेवटी आभार मानू. मी अडून बसले. म्हटलं, काकांचं नाव नसेल तर माझंही काढा."

दत्ताराम नावाकडे बघतच राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते छापलं जाणार होतं, पार हॉलंडपर्यंत जाणार होतं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

त्यानं हाताचा पंजा ताणून धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "खाडी न्हाय चढली. खांब खाली बसलाय. एवढा. मीच रोवलाय."

जयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं हातातला कागद खाली ठेवला.

"मी विचारलं होतं तुम्हाला, काका. तेव्हा का नाही सांगितलंत?"

विसरलो म्हणणं सोपं होतं. वय झालं, म्हटलं असतं तर तिला पटलंही असतं.

"जळत व्हतो, पोरी," तो म्हणाला. "तुझं नाव झालेलं बघवत न्हवतं."