दुपारी कात्री खुंटीला

दीपमालाच्या शिलाईच्या दुकानाचं शटर भर दुपारी अर्धं खाली येतं, तेव्हा नवं गिऱ्हाईक चिडतं. जुनं मुकाट्यानं परत जातं. भोरच्या बाजारात शेजारीच माझं बांगड्यांचं दुकान आहे, त्यामुळे ही गंमत मी रोज बघते.

तिचा दिवस तिनंच बेतलाय. उत्रोलीहून सकाळी आली की आधी कापड कापायचं, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. जेवण झालं की शटरमागं चटई टाकून झोप. ऊन उतरलं की हुक, काजं, हातशिलाई. तेव्हा हात चालतात आणि तोंडही चालतं. पूर्वी एकदा भरल्या पोटी तिनं एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या होत्या. तेव्हापासून दुपारी कात्री खुंटीला.

परवा ऐन झोपेच्या वेळी पद्मजाताई आल्या. त्या बँकेत असतात, आणि मुलीचं, भार्गवीचं, लग्न तोंडावर आलेलं. हातात त्यांच्या आईच्या साडीचं कापड होतं, जेमतेम एका ब्लाउजपुरतं. आई आता नाही. लग्नात आजीचं काहीतरी अंगावर हवंच, असा भार्गवीचा हट्ट.

“हा मापाचा ब्लाउज. आत्ता माझ्यासमोर कापा, नाहीतर सगळंच पुण्याला नेते.”

लग्नघरचे सगळे ब्लाउज हातचे जाणार म्हणून माझाच जीव वरखाली झाला. दीपमाला मात्र ढिम्म.

“दुपारी म्या कापत न्हाई, ताई. न्यायचं तर न्या. पर डोळं बघा तुमचं, किती ओढलेत. वाईच बसा हितं, पाणी प्या.”

पद्मजाताई फणकाऱ्यानं चटईवर बसल्या, भिंतीला टेकल्या आणि माझ्यादेखत घोरायला लागल्या. चटई गेली म्हणून दीपमाला मशीनवरच डोकं टेकून झोपली. मला भारी हसू आलं.

ऊन उतरल्यावर मी चहा घेऊन गेले. पद्मजाताई दचकून उठल्या. मापाचा ब्लाउज हातात घेतला आणि बघतच राहिल्या.

“अगं बाई! हा तर शाळेच्या गॅदरिंगचा! घाईत कपाटातून हाच ओढला. भार्गवीचा आता ह्यात दंडसुद्धा जायचा नाही.”

आईचं कापड उराशी धरून त्या रडल्या. दीपमालाचाही चेहरा उतरला. तिनं भार्गवीला कधी पाहिलंच नव्हतं. ह्याच मापानं तिनं बेधडक कापलं असतं.

“उद्या सकाळी पोरीलाच घिऊन या,” ती सुई ओवत म्हणाली.

“आणते,” पद्मजाताई म्हणाल्या. मग त्यांनी चटई स्वतःच गुंडाळली आणि नीट जागेवर उभी करून ठेवली.