नववी पाटी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. झुरत बसणाऱ्यांतली मी नव्हे – शाळा, घर, स्वयंपाक, सगळं वेळेवर करते. पण विसरले, असंही नाही. आज तुम्हाला सांगते.

मी सांगलीत मुलींना चित्रकला शिकवते. दुष्काळाच्या वर्षी पुण्याहून एक सर कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला, पांढरीचं, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीचं, एक टेकाड खणायला आले. सापडलेल्या खापऱ्यांची चित्रं काढायला त्यांना माणूस हवं होतं. मी बिनपगारी रजा काढून गेले. उसाविना बंद पडलेलं एक गुऱ्हाळ आम्हाला दिलं होतं. तिथे खापऱ्या धुवायच्या, वाळवायच्या, निवडायच्या – हा कारभार माझ्याकडे.

धुवायला हौसाबाई होती. गावातल्या कुंभाराची सून, माझ्याच वयाची. खापरीची मोडकी कड ती जिभेला लावायची आणि सांगायची – ही नदीच्या गाळाची, ही तळ्याची, हिच्यात लीद जास्त झाली. घरीही तिने जिभेला लावून हो म्हटलं, की मगच सासरा ती माती चाकावर घ्यायचा. मला आधी किळस आली. सर मात्र तिच्यासमोर उकिडवे बसून तासभर विचारत राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून निवडायचं कामही त्यांनी तिला दिलं.

मला ती चिडवायची. "बाई, कागदावर लय झाक मडकी काडता तुमी. पानी ऱ्हातंय का त्यात?"

आवडायची का मला ती? आवडायची. म्हणून तर पुढचं लिहिताना हात अडतोय.

आता माझ्या स्वभावाचं. पसारा मला खपत नाही. काठ, बूड, धरायचा कान, नक्षी असलेले तुकडे ठेवायचे, आणि साधे जाड तुकडे मोजून, सरांना दाखवून मगच टाकायचे, असा नियम होता. सर आठवडाभर पुण्याला गेले. गुऱ्हाळात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कशाला थांबायचं – असं म्हणून मी नऊ पाट्या जाड तुकडे टाकायला काढले. आठ गेल्या. नवव्या पाटीवर हौसाबाईने हात ठेवला.

"आवं बाई, ह्या टाकू नगासा. ही माती हिकडची न्हाई. हिच्यात लीद न्हाई, राख न्हाई. येगळीच रेव लागती जिभंला."

मी तिला म्हणाले, तू आपलं काम कर, मला शिकवू नकोस. तिने हात काढला. नववी पाटीही टाकाऊ ढिगावर गेली, आणि दोनच दिवसांत दुष्काळी कामावरच्या लोकांनी तो ढीग रस्त्याच्या भरावाला नेला. जाऊ दे, जागा झाली – असंच वाटलं मला. खरंच तसं वाटलं.

सर परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी खड्ड्यात एक कान सापडला. मनगटाएवढा जाड, कुठल्याशा उंच सुरईचा. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं – दोन हजार वर्षांपूर्वी पार पश्चिमेकडच्या देशांत अशा सुरया दारूने भरून जहाजांवर चढवायचे. समुद्र ओलांडून त्या कोकणातल्या बंदरांत उतरायच्या. पण तिथून घाट चढून इथवर येत होत्या का? त्यांची उमर त्याच शोधात गेली होती. एका कानाने काही ठरत नाही, म्हणाले, तो कोणी वाटसरूही आणील. पण त्याच सुरयांचे पाटीभर तुकडे मिळाले, तर इथल्या माणसांची आणि समुद्रकाठच्या माणसांची कायमची ये-जा होती असं म्हणता येईल. मग तो कान त्यांनी माझ्यापुढे धरला. मोडलेल्या कडेला बारीक काळे कण चमकत होते. असे तुकडे आले होते का, त्यांनी विचारलं.

नवव्या पाटीत मी तेच कण पाहिले होते.

हौसाबाईचे हात पाण्यात होते. ते थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन, असं तिला वाटलं असेल का?

काय जाणार होतं माझं? सर रागावले असते. फार तर परत पाठवलं असतं, आणि सांगलीत माझी नोकरी होतीच. तरी मी म्हणाले, "निवडायला हौसाबाई होती, सर. तिला ओळखता आले नसतील."

हेच ते. एवढंच. एका दमात म्हणाले, अडखळलेही नाही.

टाकाऊ ढीग भरावाला गेला हे कळताच सर रस्त्यावर धावले. भरावावरून रोलर फिरून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून हौसाबाईला माती वाहायला लावलं. तिने का सांगितलं नाही? माझ्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार, हे तिला ठाऊक होतं. मलाही होतं.

त्या दुपारी ती माझ्यापाशी आली. "बाई, चोर म्हनला असतासा तर सोसलं असतं. कुंभाराच्या सुनंला माती कळंना म्हनलासा."

मी चित्र काढत होते. पेन्सिल थांबवली नाही.

गावात ते पसरायला वेळ लागला नाही. पुण्याच्या सायबानं हौसाची जीभ नापास केली, असं बाया पाणवठ्यावर म्हणायच्या. पुढच्या वर्षी कराडच्या बाजारात ती मडकी मांडून बसलेली दिसली. मीच विचारलं, म्हणून तिने सांगितलं – सासरा आता माती धाकट्या जावेला दाखवतो, आपण जळण आणतो. आवाजात राग नव्हता. मी मान हलवली आणि एस.टी. गाठली.

गेल्या वर्षी सरांचं पत्र आलं. आजारी होते, खोदकामाचं पुस्तक पुरं करत होते. नीट आठवून पाहा, त्या सुरयांचे आणखी तुकडे खरंच आले नव्हते का? तुमच्या शब्दावर मी लिहीन. असं लिहिलं होतं त्यांनी. मी त्याच दिवशी कार्ड टाकलं – आठवत नाही.

पुस्तक छापून आलं. सर ते पाहायला राहिले नाहीत. एकाच तुकड्यावरून काही म्हणता येत नाही, असं त्यात आहे. वर मी काढलेलं कानाचं चित्र आहे, खाली माझं नाव आहे.

हौसाबाई त्याच गावात आहे. सांगलीहून एस.टी.ने दोन तास लागतात. मी गेलेले नाही.