तळ्याकाठची होळी आणि माझा उजवा हात

माझ्या उजव्या हाताबद्दल दोन देशांत दोन मतं होती. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये, तो कसबी समजला जाई. स्वित्झर्लंडच्या कारखान्यात त्याच हाताला पंधरवड्याच्या आत धोकादायक ठरवण्यात आलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या कंपनीनं तिकडचं एक ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं होतं. केसाच्या जाडीचे शंभर भाग करावेत आणि त्यातला एक घासून काढावा, असलं त्याचं काम. ते शिकून यायला आम्हा दोघांना पाठवलं. विजेची बाजू बघायला मिस्त्री, म्हणजे माझ्याहून बराच मोठा आमचा इलेक्ट्रिशियन, ज्याच्या भावांचं चिंचवड स्टेशनाजवळ मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. आणि मशीन चालवायला मी. निघताना गावठाणानं माझ्या गळ्यात इतके हार घातले की समोरचं दिसेना, आणि मी भलत्याच टॅक्सीत जाऊन बसलो. नाराज एकटी आई होती. फाल्गुन लागला होता.

"शिमग्याला पोर घरी न्हाई," ती म्हणाली. "आता होळीम्होरं बोंबलायचं कुनी?"

आमच्या आळीत ते काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. होळी पेटली की उलटा हात तोंडावर आपटत मी जी बोंब ठोकायचो, ती नदीपलीकडे ऐकू जाते अशी ख्याती होती. त्या वर्षी माझा शिमगा बुडाला.

तिकडे आम्हाला शिकवायला एक म्हातारा होता. आम्ही आपसांत त्याला उस्ताद म्हणायचो. करडा कोट, टाय, आणि हसण्याची सवय नसलेला चेहरा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं तुटकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. शेवटी त्यानं कंपनीला एकच गोष्ट कळवायची होती, की हा माणूस मशीनवर एकटा सोडण्यालायक आहे की नाही. तो 'नाही' म्हणाला असता, तर तिकडचा माणूस मशीनबरोबर पिंपरीला येणार होता, आणि मी, हार घालून निघालेला, पुन्हा जुन्या ड्रिलिंग मशीनवर. साऱ्या गावठाणाच्या डोळ्यांदेखत.

काम मला येत होतं. घोळ होता तो शांततेचा. पिंपरीला माझ्या पाठीमागे पॉवर प्रेस धाडधाड आदळायची आणि माझ्या हाताला त्याची सवय होती. इथे शॉप असं गप्प, की कुणी पाना खाली ठेवला तरी मी दचकायचो. आणि मी दचकलो की घासायचा दगड पुढेमागे करणाऱ्या चाकावरचा, म्हणजे हँडव्हीलवरचा, हातही दचकायचा. एकदा कुणीतरी नुसतं शिंकलं आणि फिरता दगड जाऊन जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, भिडला. असा किंचाळला म्हणता! उस्तादनं मशीन बंद केलं, जॉबवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला,

"आधी हात. मग डोकं. वाईट."

नंतर बराच वेळ त्यानं कोट झटकला, जणू तो ओरखडा कोटावर पडला होता.

एप्रिलात एका शनिवारी तो म्हणाला की उद्या-परवा तळ्याकाठच्या शहरात चला, तिथे वसंताचा सण असतो. मला धक्काच बसला. जो माणूस सकाळी आमच्या रामरामाला नुसती मान हलवायचा, तो आम्हाला सहलीला नेणार!

"ही सहल नाही भावा, परीक्षा आहे," मिस्त्रीनं आगगाडीत माझ्या कानात सांगितलं. "मंगळवारी म्हातारा तुझा फैसला करणार. दोन दिवस तो हात खिशात ठेव. जेवायलासुद्धा डावा वापर."

"डावा? मिस्त्री, तुम्ही सांगताय हे?"

"मजबुरी आहे. अल्ला माफ करेल."

शहर दिसलं आणि आम्ही वाटेतच थबकलो. तळं इतकं स्वच्छ की तळाचे गोटे वरून दिसत होते. काठाला गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि पलीकडे डोंगरांवर बर्फ. एकाच नजरेत दोन ऋतू! माझ्या डोळ्यांना हे पटेना. हंस तर असे जवळ यायचे की आमच्या गल्लीतली कोंबडीही त्यांच्यापेक्षा जास्त लाजते. त्याहून मोठा धक्का माणसांचा. ऊन पडलं म्हणून बऱ्या घरची, वयस्क माणसं काठावर अंगातले कपडे काढून आडवी झाली होती. मी सवयीनं सावली धरून उभा राहिलो तर एक बाई मला उन्हात जागा करून द्यायला लागल्या. आणि मागे वळून बघतो तर काय, उस्ताद! कोट घडी करून बाकावर, त्यावर टाय, त्यावर सदरा, आणि म्हातारा गंजिफ्रॉकवर डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसलेला.

"बघू नको," मिस्त्री म्हणाला. "परवा मशीनवर आठवेल."

दुपारी बोटीत बसलो. बोट तळ्याच्या मध्यावर आली, हिमाचे डोंगर पाण्यात उलटे दिसायला लागले, आणि माझा उजवा हात खिशातून बाहेर आला, त्यानं एक नाणं पाण्यात टाकलं आणि परत खिशात गेला. मला कळायच्या आत हे सगळं झालं. गाडी नदीच्या पुलावर आली की नाणं टाकायचं, ही आमची पिढीजात खोड.

उस्ताद ताडकन उठला. "पडलं?"

"टाकलं," मी म्हणालो.

"का?"

आता पाण्याला नमस्कार म्हणून पैसे देतात, हे त्या इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणालो, "वॉटर... गुड."

तो वाकून वाकून पाण्यात बघत राहिला. मग माझ्या खिशाकडे बघितलं. मग कोट झटकला.

"एक दिवस!" मिस्त्री कपाळ धरून म्हणाला. "एक दिवस नाही राहवलं तुझ्यानं!"

दुसऱ्या दिवशी सण होता. तळ्याकाठच्या मैदानावर सारं शहर लोटलेलं. जुन्या काळचे पोशाख घातलेले पुरुष मिरवत येत होते आणि बायका धावत जाऊन त्यांच्या हातात फुलं देत होत्या. हेही आमच्याकडच्या उलटच. मैदानाच्या मधोमध लाकडांचा भलामोठा ढीग रचलेला, आणि त्याच्या टोकावर एक पांढरा पुतळा. टोपी घातलेला, हिमाच्या माणसासारखा. उस्तादनं सांगितलं, हा हिवाळा. याला आता जाळायचं, म्हणजे ऊन येईल.

ऊन यावं म्हणून माणसं लाकडं पेटवतात! चिंचवडच्या वैशाखात पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला हे पचणं अवघड होतं. पण मी त्या ढिगाच्या आणखी जवळ सरकलो. तो रचलेला कसा, ते मी ओळखत होतो.

"मिस्त्री, ही होळी आहे."

"असू दे. तुझी नाही."

घड्याळाचे टोले पडले आणि ढीग पेटला. लाकडं तडतडली. घोडेस्वार आगीभोवती फेऱ्या घालू लागले. ज्वाळा पुतळ्याच्या पायाला लागल्या, धुराचा वास नाकात गेला, आणि घरची होळी जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. सभोवती हजारो माणसं, आणि सगळी कशी सभ्य, शांत. होळी पेटलीय आणि कुणी बोंब मारत नाही! मला त्या आगीची दया आली. एवढंच आठवतं. हात खिशातून कधी निघाला, ते नाही आठवत.

साठलेली बोंब होती ती. सबंध बुडालेल्या शिमग्याची. उलटा हात तोंडावर आपटत मी असा काही ठणाणा केला, की पुढच्या बाईंच्या हातातला फुलांचा गुच्छ खाली पडला, कुणाचं तरी पोर रडायला लागलं, आणि त्याच क्षणी पुतळ्याचं डोकं धडाम करून फुटलं.

डोक्यात दारू ठासलेली असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मला वाटलं, माझ्या आवाजानं फुटलं. मी किंकाळी फोडून शेजारी जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. तो उस्तादचा टाय होता.

धूर निवळला तेव्हा आमच्याभोवती चांगलं रिंगण पडलं होतं. एक पोलीस येत होता. उस्तादनं माझी बोटं टायवरून सोडवली, पोलिसाशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला, आणि काय आश्चर्य, पोलीस मला सलाम ठोकून निघून गेला. काय सांगितलं, हे विचारायची माझी छाती नव्हती. मंगळवार माझ्यापुरता तिथेच संपला होता. आधी हात, मग डोकं; आणि वर भित्राही. उस्तादपुढे मी याहून चांगला पुरावा देऊ शकलो नसतो.

नंतर लोक निखारे ओढून त्यावर सॉसेज भाजून खाऊ लागले. होळीच्या आगीवर मांस! एरवी या धक्क्यानं मी आठवडाभर आजारी पडलो असतो. पण त्या संध्याकाळी माझ्यातली धक्का बसायची जागाच भरली होती.

परतीच्या गाडीत उस्ताद समोर बसला होता. तो पुढे वाकून म्हणाला, "ते... कसं करतात?"

"काय?"

त्यानं हात तोंडाजवळ नेऊन दाखवला. "हात सुलटा की उलटा?"

"उलटा," मी म्हणालो.

"वेग?"

मी हळू आवाजात करून दाखवलं. शेजारच्या बाकावर एका बाईंबरोबर प्रवास करणारा कुत्रा ताठ उभा राहून भुंकायला लागला. उस्तादनं मान हलवली, एखादं मोजमाप लक्षात ठेवावं तशी, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"चौकशी करतोय," मिस्त्री पुटपुटला. "पिंपरीला तक्रार कळवताना नीट वर्णन करावं लागेल ना."

मंगळवारी सकाळी उस्तादनं मला मशीनवर उभं केलं. जॉब मी बांधला. दगड मी लावला. शेवटचा हात मारायची वेळ आली. डाव्या हाताला डायल, उजव्या हातात हँडव्हील, आणि फिरता दगड जॉबपासून जेमतेम केसभर दूर. सगळं शॉप नेहमीसारखं गप्प. उस्ताद माझ्या पाठीमागे कुठेतरी उभा होता. मी श्वास धरला.

आणि माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर बोंब फुटली.

साधीसुधी नव्हे. उलट्या हाताची, बरोबर वेगाची, गावठाणात पहिला नंबर काढील अशी खणखणीत बोंब! त्या शॉपमध्ये असा आवाज कारखाना बांधल्यापासून झाला नसेल. पलीकडच्या मशीनवरच्या माणसाच्या हातून मापयंत्र खाली पडलं. वरच्या मजल्यावरच्या कचेरीतून माणसं कठड्याशी धावली. मिस्त्री "या अल्ला!" म्हणून वायरच्या रिळावर बसला.

उस्तादनं हात खाली घेतला, टाय सारखा केला आणि वाकून डायल बघितला. काटा जागच्या जागी होता. माझा हात हँडव्हीलवर होता तिथेच होता, रेसभरही हललेला नव्हता. त्यानं स्वतः दगड मागे घेतला, मशीन बंद केलं आणि मला पहिल्यांदाच त्याचे दात दिसले.

"छान," तो म्हणाला. "हा हात मशीनबरोबर घरी जाईल."

शॉपमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद कचेरीकडे निघाला तसा मिस्त्री घाईनं माझ्याजवळ आला.

"जिंकलास भावा! आता सोड ते हँडव्हील."

"सुटत नाही."

"म्हणजे?"

"मिस्त्री, हात स्थिर नव्हता. त्याची दातखीळ बसलीय."

मिस्त्रीनं कचेरीच्या दाराकडे बघितलं, माझ्या पुढ्यात आडवा उभा राहिला आणि माझं एकेक बोट उपटायला लागला.

"हस," तो दात दाखवत म्हणाला. "म्हातारा वळून बघतोय. हस, आणि तोंडातून आवाज काढू नको."