तिरक्या वावराचं क्षेत्रफळ

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तरी कुंडलच्या आमच्या मळ्यातलं कुठलंही वावर मी दोरीनं मोजायचे. समोरासमोरच्या बांधांची बेरीज करून निम्मी करायची, तसंच दुसऱ्या जोडीचं, मग दोन्ही आकडे गुणायचे. सासऱ्यांची रीत.

आठवीतली नात समलंब चौकोनाला अडली तेव्हा मी तीच रीत सांगितली. वरची बाजू वीस, खालची बत्तीस, तिरक्या दोन्ही दहा-दहा. सव्वीस गुणिले दहा, दोनशे साठ. गृहपाठाची पाचही गणितं तिनं तशीच सोडवली.

दुसऱ्या दिवशी वहीत पाच लाल फुल्या. पहिल्या गणिताखाली मास्तरांनी बरोबर पायऱ्या लिहून दिल्या होत्या, उत्तर दोनशे आठ. गणित आपल्या डोक्याचं नाही, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नाव देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. नाव द्यायला एकच दिवस उरला होता. कुणी शिकवलं हे मात्र तिनं मास्तरांना सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, मास्तरच चुकलाय. बाजू तेवढ्याच असताना जागा कमी कशी होईल, दाखव.

ती चिडली. तुरीच्या वाळक्या खोडांच्या, सारख्या लांबीच्या चार तुरकाट्या सुतळीनं बांधून तिनं चौकोन केला आणि माझ्यापुढं ठेवून कोपरा ढकलला. चौकोन कलला, आणखी कलला, शेवटी काट्या एकमेकींना चिकटल्या.

"काट्या तेवढ्याच हायत. आता आत जागा कुठाय, आजी?"

मी वही मागितली. तिनं समजावलं. बत्तीसातून वीस गेले, बारा. दोन्ही टोकांना सहा-सहा. दहाचा वर्ग शंभर, त्यातून सहाचा वर्ग छत्तीस गेला, चौसष्ट. म्हणजे उभी उंची आठ. सव्वीस आठे दोनशे आठ. तिसऱ्या खेपेला मी स्वतः करून पाहिलं.

ओढ्याकडच्या तिरक्या वावरात माझ्या मोजणीनं आणलेलं उसाचं बेणं दरवर्षी उरायचं. बायका पातळ लावतात म्हणून मी त्यांना बोलायचे. "जागाच संपली, आक्का," असं एकजण म्हणाली, तर पुढच्या लागणीला मी तिला बोलावलंच नाही. ती आता नाही.

"चूक माझी हाय, तुझी न्हाई," मी नातीला म्हणाले. "मला पटवलंस न्हवं? उद्या नाव दे."

"आन् नापास झाले तर?"

"तर हो नापास. माझ्या चुकीपायी मागं राहू नगंस."

सकाळी तिनं दप्तरात त्या तुरकाट्याही घातल्या. संध्याकाळी परत आल्या, सुतळी सैल झालेली. मास्तरांनी सगळ्या वर्गाला दाखवल्या म्हणे. नाव दिलं का, तेवढंच मी विचारलं. दिलं होतं.